आठवा फोटो

९ नोव्हेंबर

टिल्लू,

"ताई, फोटो काढायचं काम तुझं, बघायचं काम माझं."

अकरा वर्षांपूर्वी तू हे म्हणालास. तपासणीच्या खोलीत माझा चौथा दिवस होता. टेबलावर एक बसचालक डाव्या कुशीवर पडला होता, दुर्बीण त्याच्या घशातून बाहेर येत होती आणि मी एवढंच विचारलं होतं, "वरचा भाग राहिला का रे?" तू पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाहीस. नर्स खुदकन हसली. लादी पुसणाऱ्या मावशी फडकं हातात धरून थांबल्या. मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या, तुझा पहिला पडलेला दात मी धुऊन डबीत ठेवला. आणि त्या दिवसानंतर त्या खोलीत मी तुला एकही प्रश्न विचारला नाही. तुला वाटलं असेल, ताई शहाणी झाली.

तू फोन उचलत नाहीस. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, "अहो ताई, नवीन हॉस्पिटल आहे ना, यांना श्वास घ्यायला वेळ नाही." म्हणून हे कागदावर. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

सांगायचं ते सरळ सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात तू आईच्या पोटात दुर्बीण घातलीस, आणि तिचं टोक वळवून वरचा भाग बघितला नाहीस.

तुला शिकवायची माझी लायकी नाही. पण शिकाऊ डॉक्टरांना तू हे इतक्यांदा सांगितलंस की मला पाठ झालंय. दुर्बीण अन्ननलिकेतून जठरात उतरते तेव्हा ती पुढे बघत असते. ज्या दारातून ती आत आली ते दार, आणि दाराशेजारचा तो घुमट, तिच्या पाठीमागे राहतो. तो बघायचा तर मुठीवरचं चाक फिरवून टोक मागे मुडपायचं, छत्रीच्या मुठीसारखं. वीस-तीस सेकंदांचं काम. तू म्हणायचास, "घर तपासायला गेलात आणि दाराआड बघितलं नाहीत, तर चोर तिथेच उभा राहून तुम्हाला हसतो." पोरं हसायची. मीही हसायचे.

आईला सहा आठवडे घास छातीशी अडत होता. उचकी लागायची. ती म्हणायची, "घास खाली जायच्या आधी परवानगी मागतो." तू म्हणालास ॲसिडिटी. मी हट्ट धरला म्हणून तू तिला आणलंस. गुंगीचं इंजेक्शन तिने घेतलं नाही. का घेतलं नाही ते तुला माहीत आहे. "झोपवू नका हो मला, टिल्लू काम कसं करतो ते बघायचंय." पडदा तिला दिसेल असा वळवायला लावला तिने. स्वतःच्या पोटाचा सिनेमा बघायला निघाली होती बाई.

तिचं डोकं माझ्या हातांत होतं. दात दुर्बिणीवर मिटू नयेत म्हणून तोंडात घातलेली प्लास्टिकची कडी मी बोटाने धरून ठेवली होती. तिला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं, तिने एक हात वर केला. आणि तू दुर्बीण काढून घेतलीस. आत गेल्यापासून दोन मिनिटं चाळीस सेकंद. वेळ टिपायचं कामही माझंच.

"सगळं छान आहे आई," तू म्हणालास.

अकरा महिन्यांनी तिला पाणी उतरेना. दुसरीकडे नेलं. आधी सीटी स्कॅन, मग दुर्बीण. तिथल्या डॉक्टरबाईंनी टोक वळवलं आणि पडद्यावर ते दिसलं: दाराच्या अगदी मागे, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं. ऑगस्टमध्ये आई गेली.

आई परत येणार नाही, हे मला कळतं. मी भांडते आहे ते तिच्यासाठी नाही, निदान एकट्या तिच्यासाठी नाही. "सगळं छान आहे" असा तुझ्या सहीचा कागद घेऊन त्या खोलीतून किती माणसं घरी गेली, ते मला हवं आहे. तुझ्या आठवणीतून हवं आहे. कोणाचं बघायचं राहिलं, ते तूच सांगू शकतोस. त्यांना परत बोलवायला हवं.

ताई


१६ नोव्हेंबर

आलं तुझं उत्तर. आठ दिवसांनी एक ओळ, तीही फोनवरच्या मेसेजमध्ये. "रिपोर्टमध्ये आठवा फोटो आहे, जठराचा वरचा भाग स्वच्छ. विषय संपव."

वा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

आई गेल्यावर घरात सगळे जमले होते, आठवतंय? काकांनी विचारलं, "तूच तपासलं होतंस ना रे? मग तेव्हा कसं नाही दिसलं?" साधा प्रश्न होता. काकांना तुझ्यावर आळ घ्यायचा नव्हता. तू आत गेलास, फाइल घेऊन आलास आणि तो कागद सगळ्यांपुढे धरलास. "हा बघा आठवा फोटो. तेव्हा काहीच नव्हतं. कॅन्सरची ही जातच वाईट, महिन्यांत वाढते." आत्याने डोळे पुसले. काका म्हणाले, "मग तू तरी काय करणार बाबा!" आणि तुझ्या पाठीवर हात ठेवला.

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तू मान वर केलीस. आपली नजर एकदा भेटली, आणि तू लगेच कागदाची घडी घातलीस.

तुला तो फोटो ओळखू आला होता, टिल्लू. मलाही.

आणि आता मला लिहितोस विषय संपव? नाकाने कांदे सोलायला तुला लाज कशी वाटत नाही? इतर कोणाला हा फोटो दाखव. मला दाखवू नकोस.

ताई


२३ नोव्हेंबर

तीनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते येईल.

मागच्या पत्रात मी फार आवाज केला. आवाज करणाऱ्या माणसाला बऱ्याचदा काहीतरी झाकायचं असतं, हे तू मला ओळखत असल्यामुळे तुला कळलंच असेल. कळलं असेल आणि तू गालात हसलाही असशील. तर घे.

तो फोटो मी लावला.

तीन वर्षांपूर्वी नवं मशीन आलं. रिपोर्टच्या पानावर आठ चौकोन. आठही भरल्याशिवाय छपाई होत नाही, असं त्या मशीन बसवणाऱ्याने आपल्याला हसत हसत सांगितलं होतं. "म्हणजे डॉक्टर काही विसरणार नाहीत." पहिल्या महिन्यातच तू सातवर थांबायला लागलास. दिवसाला बावीस-बावीस तपासण्या, बाहेर बाकांवर उपाशी बसलेली माणसं कुरकुरतायत, कोणी नर्सशी भांडतंय. तू हातमोजे काढता काढता म्हणायचास, "ताई, ते आठवं तू बघून घे."

मी बघून घेतलं. एका पोहणाऱ्या मुलाची तपासणी झाली होती, कुठल्याशा निवडीसाठी. त्याच्या जठराचा घुमट इतका सुरेख आला होता: गुलाबी, ओलसर, एकही डाग नाही. तो फोटो मी वेगळा ठेवला. आधी एकदा वापरला, मग दुसऱ्यांदा. नर्सने त्याचं नाव पाडलं 'नवरदेव'. कसा नटूनथटून बसलाय बघा, म्हणे. मग खोलीत ते रूढच झालं. "सातच आहेत? लाव नवरदेव." मावशीसुद्धा म्हणायच्या, "आज नवरदेवाची कितवी वरात गं?" आणि आपण सगळे हसायचो. तूही. त्याच्या डाव्या कोपऱ्यात घेवड्याच्या दाण्यासारखा एक बुडबुडा आहे.

त्या दिवशी तू आईला आधार देऊन बाहेर नेलंस. ती कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना सांगत होती, "माझ्या मुलाने केलं, काही कळलंसुद्धा नाही." कळलं नाही म्हणे! पदराने तोंड पुसत होती. मी आत मशीनसमोर होते. सात फोटो. आठवा चौकोन रिकामा.

मला तेव्हा उठून कॉरिडॉरमध्ये येता आलं असतं. "आत चल, राहिलंय," एवढंच म्हणायचं होतं. आईने थोडी कुरकुर केली असती आणि पुन्हा आडवी झाली असती. तुझ्या हातून काहीही करून घ्यायला ती तयार होती. मी उठले नाही. माझं बोट आपोआप त्या फाइलवर गेलं. आईच्या पोटाच्या जागी मी एका परक्या मुलाचं पोट चिकटवलं, छपाईचं बटण दाबलं आणि कागद गरम असतानाच तिच्या हातात नेऊन दिला. तिने त्याची घडीसुद्धा घातली नाही, चुरगळेल म्हणून.

तुझं ते अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. फोटो काढायचं काम माझं, बघायचं काम तुझं. फार सोयीचं वाक्य निघालं ते. मला राग येत होता आणि त्याच रागाच्या आडोशाला मी आरामात बसले होते. मला गप्प केलं ना? मग बसते गप्प. बघू काय होतं. असंही मनात कुठेतरी होतं, टिल्लू.

तू का थांबलास तेही मला माहीत आहे. तू आळस केला नाहीस. इतरांच्या बाबतीत केलास, आईच्या बाबतीत नाही. तिने हात वर केला आणि तुझा चेहरा लहानपणी तिला ताप आला की व्हायचा तसा झाला. तुला ते बघवलं नाही. मावशी नंतर म्हणाल्या, "परक्याने केलं असतं तर पुरतं केलं असतं गं." एवढं मी समजू शकते. समजते आणि तरी माझा राग कमी होत नाही, त्याला मी काय करू? कारण तुला बघवलं नाही हे तू तेव्हाच म्हणू शकत होतास. दुसऱ्या दिवशी म्हणू शकत होतास. अकरा महिने होते तुझ्याकडे. आणि अगदी शेवटी, काकांनी विचारलं तेव्हा, मान खाली घालून "राहिलं काका" एवढं म्हटलं असतंस तर मी ट्रे तिथेच ठेवून तुझ्याशेजारी येऊन उभी राहिले असते. "त्याचं राहिलं आणि मी झाकलं," म्हणाले असते. तू नवरदेवाला पुढे केलंस.

सोमवारी मी सगळं लिहून, तू गेल्यावर खोलीच्या प्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडमना दिलं. माझ्या सहीने. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, घातला. खोलीची किल्ली काढून घेतली. आता मी तळघरात दुर्बिणी धुते. बरं आहे. तिथे पडदा नाही.

ताई


४ डिसेंबर

टिल्लू,

वहिनीचा फोन आला होता. "ताई, तुम्ही काय लिहून दिलंत हो हॉस्पिटलला? यांचं जेवण सुटलंय. घरातली गोष्ट घरात ठेवायची ना." मी म्हटलं, घरातली एक होती, ती गेली. बाकीचे छप्पन्न जण घराबाहेरचे आहेत. ती हळूच म्हणाली, "छप्पन्न?"

म्हणजे तू तिला सांगितलं नाहीस.

तुझ्या आठवणीची मला गरज उरली नाही. मॅडमनी मशीनवाल्याला बोलावलं. एकच फोटो कुठे कुठे लागलाय ते मशीनला शोधता येतं, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात यादी हातात. सत्तावन्न रिपोर्ट, सगळ्यांवर तुझी सही, सगळ्यांत तोच बुडबुडा. एकोणतिसावं नाव आईचं.

आता नीट वाच. मॅडम म्हणाल्या, "तुमचा जबाब मी समितीकडे पाठवते. समिती बसेल, प्रश्न विचारेल, वकील येतील. वर्ष जाईल, जास्तही. तोवर हॉस्पिटल कोणालाही पत्र पाठवणार नाही, मला वरून तसं सांगितलंय. पण रुग्ण आपण होऊन आले तर मी त्याच दिवशी तपासेन. ज्याने तपासलं त्या डॉक्टरने आपल्या रुग्णाला बोलावलं, तर त्याला कोण अडवणार?"

मी विचारलं, "मी बोलावलं तर?"

त्या म्हणाल्या, "करून बघा. मी ऐकलं नाही."

मी करून बघितलं. यादीतल्या सहा जणांना फोन केला. एकाचा नंबर बंद. एकाने पैसे उकळायचा नवा धंदा म्हणून शिव्या दिल्या. तीन जण म्हणाले, बघू. सहाव्या त्या शिंपीणबाई, तुला आठवतील, टेबलावर झोपतानाही गळ्यात मोजपट्टी होती त्यांच्या. तू म्हणाला होतास, "काय, माझंच माप घेताय की काय?"

मागे शिलाई मशीन खडखडत होतं. "कोण बोलतंय?"

मी सांगितलं.

"फोटोवाल्या ताई! बोला की."

"तुम्हाला अजून त्रास होतो का हो? जेवताना?"

"होतो की. पण ते काही नाही, डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय ना. दोन घास कमी खाते. बारीक झाले तर बायका विचारतात, काय करता हो? म्हटलं, काही नाही, उपाशी राहते." आणि त्या हसल्या.

"तुम्ही परत येऊन तपासून घ्या. एक भाग बघायचा राहिला होता."

मशीन थांबलं. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"डॉक्टरसाहेब म्हणतात का?"

मी म्हटलं, तुम्ही एकदा येऊन तर जा.

"ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "कागद माझ्याकडे आहे. आठ फोटो आहेत. साहेबांची सही आहे. तुम्ही चांगल्या मनाने सांगताय, पण तुम्ही फोटो काढता. साहेबांनी बोलावलं तर मी धावत येईन. काय माणूस हो तो. किती हळू हाताने केलं माझं!"

फोन ठेवला आणि मी धुण्याच्या सिंककडे वळले. नळ चालूच होता. तुझ्यावर इतका विश्वास, टिल्लू. त्या विश्वासाने ती बाई दोन घास कमी खातेय.

मी तुला माफी मागायला सांगत नाही. आईबद्दल काही कबूल करायलाही सांगत नाही. काका अजून म्हणतात "तो तरी काय करणार", तर म्हणू देत. समितीपुढे नवरदेव ताईचा होता म्हण, खुशाल म्हण, तो माझाच होता. तुझा वकील तुला काय सांगेल ते मला इथे बसून ऐकू येतंय: फोन करायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही, बोललात तर ती कबुलीच. तू त्याचं ऐकशील. तुझी नवी खुर्ची आहे, मुलगा शाळेत आहे, आणि तू लहानपणापासून ज्याचा आवाज थंड असेल त्याचं ऐकतोस. माझा आवाज कधीच थंड नव्हता.

यादी सोबत जोडली आहे. नाव, वय, नंबर. ज्यांच्या घशाशी आत्ता त्रास आहे असं कळलं त्यांच्यापुढे मी पेन्सिलीने खूण केली आहे. शिंपीणबाईंचं नाव सर्वांत वर लिहिलंय. दुपारी दोन ते तीन त्या मशीन बंद ठेवतात, तेव्हा फोनवर नीट ऐकू येतं.

त्यांना फोन कर. तुझ्या आवाजात सांग, "बाई, तुमचं पोट मी पूर्ण बघितलं नव्हतं, उद्या सकाळी उपाशीपोटी या." यापुढे एक शब्द बोलायची गरज नाही. बाकीच्या पंचावन्न जणांना फोन लावायला मी आहे. एकदा तुझ्या तोंडून गेलं की माझं ऐकतील लोक. मला माहीत आहे तू हे करणार नाहीस. हे पाकीटही बहुतेक वहिनीच उघडेल. तरी मागते आहे, टिल्लू. एक फोन कर.

ताई